शाळेतली दादागिरी: ती चालते कशी आणि थांबते कशाने

एक मूल दुसऱ्याला रोज छळतंय अशी तक्रार आली की पुढे काय होतं ते बहुतेक शाळांत ठरलेलं असतं. दोघांना स्टाफरूममध्ये बोलावतात. दोघांचं ऐकून घेतात. 'टाळी एका हाताने वाजत नाही' हे कुणीतरी म्हणतंच. मग एकाने 'सॉरी' म्हणायचं, दोघांनी हात मिळवायचे आणि प्रकरण मिटलं असं समजून सगळे आपापल्या तासाला. छळणाऱ्या मुलाला यातून एक गोष्ट पक्की कळते: तक्रार झालीच तर फार तर एवढंच होतं. छळ सोसणाऱ्यालाही नेमकं तेच कळतं. पुढच्या खेपेला तो कुणाला सांगायला जात नाही, आणि शाळेला वाटतं, आता सगळं ठीक आहे.

यात शिक्षकांचा हेतू वाईट नसतो. रोग ओळखण्यातच गल्लत होते आणि भांडणावरचा इलाज दादागिरीवर केला जातो.

भांडण वेगळं, दादागिरी वेगळी

दादागिरीचा पद्धतशीर अभ्यास सुरू करणाऱ्यांमध्ये डॅन ओल्वेयस हे नाव सगळ्यात आधी येतं. हे मानसशास्त्रज्ञ मूळचे स्वीडनचे, पण त्यांचं बरंचसं काम नॉर्वेत झालं. १९८२च्या अखेरीला नॉर्वेत तीन मुलग्यांनी आत्महत्या केल्या. बरोबरीच्या मुलांनी केलेला छळ हे त्यामागचं कारण असावं असं पुढे आलं आणि देश हादरला. १९८३मध्ये तिथे शाळांसाठी देशव्यापी मोहीम सुरू झाली. बर्गन शहरातल्या ४२ शाळांमध्ये ओल्वेयस यांनी आपला कार्यक्रम तपासून पाहिला, तेव्हा आपला छळ होतो असं सांगणाऱ्या मुलांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तोवर 'मुलं अशीच असतात' म्हणून सोडून दिली जाणारी ही गोष्ट मोजता येते आणि कमीही करता येते, हे त्यातून पहिल्यांदा ठळकपणे दिसलं.

ओल्वेयस यांनी केलेली व्याख्या आजही सगळीकडे वापरतात. तिच्यात तीन अटी आहेत. त्रास मुद्दाम दिलेला असावा, तो पुन्हा पुन्हा दिला जात असावा, आणि दोघांमध्ये ताकदीचा फरक असावा. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांच्या लक्षात येतात. खरी मेख तिसरीत आहे.

ताकद म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दंड येतात. पण वर्गात ताकद अनेक गोष्टींत असते. एका बाजूला पाच जण आणि दुसऱ्या बाजूला एकटा, ही ताकदच. एकीला सगळा वर्ग ओळखतो आणि दुसरी याच वर्षी शाळेत आली आहे, ही पण ताकद. कुणाचं तरी गुपित माहीत असणं, कुणाचा तरी नको तो फोटो हातात असणं, जिभेला धार असणं, घरचा पैसा, जात, रंग, भाषा. समोरचं मूल अडखळत बोलत असेल, त्याला वाचताना त्रास होत असेल, त्याला अपंगत्व असेल किंवा मुलग्याने जसं वागायला हवं असं मुलांना वाटतं तसं ते वागत नसेल, तर तराजू आधीच एका बाजूला झुकलेला असतो.

आता स्टाफरूममधली ती बैठक पुन्हा पाहा. समान बळाच्या दोघांचं भांडण झालं असेल तर समोरासमोर बसवून बोलतं करणं हा उत्तम उपाय आहे. पण ज्याला समोरच्याची भीती वाटते, त्याला त्याच्याच शेजारी बसवून 'काय झालं ते मोकळेपणाने सांग' म्हणणं म्हणजे छळाचा आणखी एक प्रसंग घडवून आणणं. तो काही बोलत नाही. दुसरा मात्र सफाईने बोलतो. मोठ्या माणसांना त्याचंच म्हणणं पटतं. म्हणून समेट घडवण्याची पद्धत इथे वापरू नये, यावर या विषयातल्या जाणकारांचं सहसा एकमत असतं.

छळ किती प्रकारांनी होतो हे थोडक्यात. मारणं, ढकलणं, वस्तू लपवणं किंवा हिसकावणं हे दिसतं. टोपणनावं, टोमणे, नकला हे ऐकू येतं. वाळीत टाकणं मात्र ना दिसतं, ना ऐकू येतं. बाकावर कुणी शेजारी बसत नाही, गटात कुणी घेत नाही, एक मुलगी जवळ आली की चाललेलं बोलणं एकदम थांबतं. यात पकडावं असं काही नसतंच. 'आम्ही काय केलं? आम्ही तर तिच्याशी बोललोसुद्धा नाही,' हे उत्तर अक्षरशः खरं असतं. माझ्या मते हा प्रकार सगळ्यात जास्त पोखरणारा आहे आणि शाळांच्या नियमावल्यांत त्याला सगळ्यात कमी जागा मिळते.

फोनवरचा छळ हा बहुतेक वेळा वेगळा रोग नसतोच. तीच मुलं, तोच वर्ग, तेच वैर. फक्त शाळा सुटली तरी ते सुटत नाही. फरक आहे तो असा, की एकदा टाकलेला फोटो पन्नास जणांनी पुढे पाठवला तर 'पुन्हा पुन्हा'ची अट मूळ मुलाने एकदाच केलेल्या कृतीतूनही पूर्ण होते. पुढे पाठवणारा प्रत्येक जण त्यात भागीदार असतो, पण स्वतःला तसं कुणीच समजत नाही.

हे सगळं किती मुलांच्या वाट्याला येतं? युनेस्कोने २०१९मध्ये अनेक देशांतली आकडेवारी एकत्र करून मांडली. मागच्या महिन्याभरात किमान एकदा तरी छळ झाला असं सांगणारी मुलं जवळपास तीनात एक होती. आणि हे मोठेपणी आपोआप पुसलं जातं असंही नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेणारा एक अभ्यास चालू आहे. त्यातल्या साडेसात हजारांहून अधिक जणांची माहिती तपासून २०१४मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सात ते अकरा या वयात ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. 'त्यानेच माणूस घडतो' असं म्हणणाऱ्या काका-मामांनी हे लक्षात घ्यावं.

छळणाऱ्याला त्यातून मिळतं काय?

दादागिरी करणारं मूल आतून दुबळं असतं, त्याला घरी मार पडतो, स्वतःबद्दल न्यूनगंड असतो आणि तो राग ते दुसऱ्यावर काढतं, अशी एक समजूत फार लोकप्रिय आहे. काही मुलांच्या बाबतीत ती खरी आहे. पण बऱ्याच मुलांच्या बाबतीत गोष्ट उलटी असते. ती आत्मविश्वासाने वागणारी, मोठ्यांशी गोड बोलणारी, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते चटकन ओळखणारी मुलं असतात. त्यांना मिळतो तो वर्गातला मान.

रॉबर्ट फेरिस आणि डायान फेल्मली या दोन समाजशास्त्रज्ञांनी २०११मध्ये अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांच्या मैत्रीचं जाळं तपासलं. वर्गातलं स्थान जसजसं वर जातं, तसतशी दुसऱ्याला त्रास देण्याची वृत्तीही वाढते, असं त्यांना दिसलं. अगदी शिखरावर पोचलेल्या मूठभर मुलांत मात्र ती पुन्हा कमी होते. म्हणजे शिडीवर चढत असलेलीच मुलं जास्त लाथा मारतात. वर पोचलेल्यांना त्याची गरज उरत नाही.

यातून दोन गोष्टी उलगडतात. एक म्हणजे, प्राथमिक शाळा संपवून नव्या शाळेत किंवा नव्या तुकडीत गेल्यावर दादागिरी का उफाळते. सगळ्यांची जागा नव्याने ठरत असते. दुसरी म्हणजे, 'ही मुलं कुणालाच आवडत नसतील' हा आपला अंदाज का चुकतो. वर्गात वजन असणं आणि लोकांना आवडणं या निराळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या विनोदावर सगळे हसतात, त्याच्याशी मनातून मैत्री करावीशी वाटणारे फार कमी असू शकतात. पण वजन असतंच, आणि त्या वयात तेच हवं असतं.

काही मुलं छळतातही आणि छळली जातातही. चटकन चिडणारी, शांत बसू न शकणारी, एका गटाकडून मार खाऊन दुसऱ्या लहानग्याला मारणारी. शिक्षा सगळ्यात जास्त यांनाच होते, कारण ती पकडली जातात. आणि मनाची अवस्था सगळ्यात वाईट यांचीच असते.

बघणारे

मान ही गोष्ट एकट्याने मिळवता येत नाही, तो कुणीतरी द्यावा लागतो. वर्गात तो देतात ती बघणारी मुलं. या लेखात सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे: दादागिरी दोघांमधली गोष्ट दिसते, पण ती चालते तिसऱ्यांच्या जिवावर.

कॅनडात डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग यांनी मुलांना छोटे मायक्रोफोन लावून, लांबून कॅमेऱ्याने शाळेच्या मैदानावरचं चित्रण केलं. त्यात दिसलं ते असं: छळाच्या दर दहा प्रसंगांपैकी आठाहून अधिक वेळा आजूबाजूला इतर मुलं हजर होती. मैदानावरच्या मोठ्या माणसांनी मध्ये पडल्याचे प्रसंग शंभरात जेमतेम चार. शिक्षक बेफिकीर होते असं यावरून म्हणता येणार नाही, कारण हे प्रकार थोड्याच वेळात आटोपतात आणि मोठ्यांची पाठ वळलेली असतानाच होतात. पण आणखी एक आकडा त्याच चित्रणातून पुढे आला. जेव्हा एखादं मूल मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला.

फिनलंडच्या क्रिस्टिना सालमिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये या बघणाऱ्यांची नीट विभागणी केली. काही मुलं छळणाऱ्याला सामील होतात, धरून ठेवतात, पहारा देतात. काही स्वतः हात लावत नाहीत, पण हसतात, घोळका करतात, 'दे अजून एक' म्हणतात. काही मान फिरवून निघून जातात. आणि थोडी मुलं छळ सोसणाऱ्याच्या बाजूने उभी राहतात. मान फिरवणाऱ्यांना वाटतं आपण यात नाही. पण छळणाऱ्याला त्यांचं गप्प बसणं संमतीसारखं दिसतं, आणि ज्याचा छळ होतो त्यालाही.

गंमत म्हणजे वर्गातल्या मुलांना एकेकटं विचारलं तर बहुतेकांना हा प्रकार आवडत नसतो. पण प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच आवडत नाही, बाकी सगळे तर हसताहेत. म्हणून तोही हसतो. त्याला हसताना बघून बाकीच्यांची खात्री पटते. शिवाय 'मध्ये पडलो तर उद्या माझा नंबर' ही भीती असते, आणि ती खोटी नसते.

म्हणूनच मुलांना 'अन्यायाविरुद्ध उभे राहा' असं भाषण देऊन सोडून देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. अकरा वर्षांच्या मुलाने पाच जणांच्या टोळक्याला आव्हान द्यावं ही अपेक्षा चुकीची आहे. त्याला झेपेल असं काहीतरी हवं. हसायचं नाही. तिथे घोळका करून थांबायचं नाही. 'चल, तुला बाईंनी बोलावलंय' असं म्हणून त्या मुलाला तिथून काढायचं. नंतर त्याच्याजवळ जाऊन 'त्यांनी केलं ते बरोबर नव्हतं' एवढं म्हणायचं. मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसायचं. आलेला फोटो पुढे पाठवायचा नाही. आणि एखाद्या मोठ्या माणसाला सांगायचं. यातलं शेवटचं मुलांना सगळ्यात अवघड जातं, कारण नाव सांगणारा म्हणून हिणवलं जाण्याची धास्ती असते. तिथे फरक उदाहरणांनीच शिकवावा लागतो: कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं आणि कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगणं.

मुलं घरी का सांगत नाहीत

लाज वाटते, हे पहिलं कारण. आपल्यातच काहीतरी खोट आहे असं मुलाला तोपर्यंत वाटू लागलेलं असतं. सांगितल्याने आणखी वाढेल ही भीती असते. आई-बाबांना त्रास नको असंही वाटतं. आणि फोनवरचा छळ असेल तर 'दे तो फोन इकडे' ही शिक्षा छळ सोसणाऱ्यालाच होणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं.

त्यामुळे खुणांवरून ओळखावं लागतं. ठरावीक वारी पोट दुखणं, वस्तू आणि कपडे वारंवार हरवणं किंवा फाटणं, शाळेत स्वच्छतागृहात जायचं टाळल्यामुळे घरी आल्याआल्या तिकडे धावणं, शाळेला जायची वाट बदलणं, मित्रांची नावं बोलण्यातून नाहीशी होणं. यातली कुठलीही एक खूण काहीच सिद्ध करत नाही. मूल बदललंय का, हे पाहायचं.

विचारताना 'तुला कुणी त्रास देतं का?' याचं उत्तर बहुधा 'नाही' असंच येतं. 'मधल्या सुट्टीत तुम्ही कुठे असता? गट पाडायचे असले की कोण कुणाबरोबर जातं? वर्गात कुणाची जास्त चेष्टा होते?' अशा आडून विचारलेल्या प्रश्नांतून जास्त कळतं. मूल सांगायला लागलं की आपल्या तोंडातून चटकन निघणारी वाक्यं आवरायची. 'तूही एक ठेवून द्यायचीस', 'तू लक्षच देऊ नकोस', 'तू काय केलं होतंस आधी?' पहिलं धोकादायक आहे, कारण ताकदीचा फरक असतो म्हणूनच हे चाललेलं असतं, आणि उलट मारणाऱ्यालाच पुढे शिक्षा होते. दुसरं त्याने हजारदा करून पाहिलेलं असतं. तिसऱ्याने मूल पुन्हा मिटून जातं.

ऐकून झाल्यावर म्हणावं: तू सांगितलंस ते फार बरं केलंस, यात तुझी चूक नाही, पुढे काय करायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नये, ते मोडावंच लागतं. त्याऐवजी कुणाला आणि काय सांगायचं हे आधी त्याला सांगावं. ज्याच्या हातून सगळं निसटलंय त्याला निदान एवढं हातात असू द्या.

मग लिहून काढा. कधी, कुठे, कोण, काय म्हणाले, कोण बघत होतं. मेसेज असतील तर पुसण्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट घ्या. वर्गशिक्षकांना भेटा, आणि भेटीत ठरलेलं त्याच दिवशी लेखी पाठवा, पुढची तारीख ठरवून. वर्गशिक्षकांकडून काही हललं नाही तर मुख्याध्यापक. दुसऱ्या मुलाच्या घरी थेट जाऊन धडकण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यातून सहसा दोन घरांचं भांडण उभं राहतं आणि मूल बाजूला पडतं.

मुलाच्या बोलण्यात जगणं नको झाल्याची, स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर शाळेच्या उत्तराची वाट बघू नये. त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

तक्रार आल्यावर शाळेने काय करावं

कडक शिक्षा हा उपाय ऐकायला बरा वाटतो. अमेरिकेत अनेक शाळांनी 'पहिल्याच चुकीला निलंबन' असे नियम केले होते. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २००८मध्ये अशा नियमांच्या परिणामांचा आढावा घेतला. शाळा त्यामुळे सुरक्षित झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. शिक्षा फार मोठी असली की शिक्षक कळवायला कचरतात आणि मुलं सांगायला. निलंबित झालेलं मूल घरी बसतं, शिकण्यात मागे पडतं आणि परत येतं ते सूड मनात धरून, नाहीतर वर्गातला हिरो होऊन.

काहीच किंमत मोजावी लागू नये असा याचा अर्थ नाही. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात सालमिवाली यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला 'किवा' हा कार्यक्रम २००९पासून देशभरातल्या शाळांत पसरला. त्यातली कार्यपद्धत समजून घेण्यासारखी आहे. तक्रार आली की ती वर्गशिक्षकावर एकट्यावर पडत नाही, शाळेतल्या दोन-तीन मोठ्या माणसांचा एक गट ती हाताळतो. आधी छळ सोसणाऱ्याशी शांतपणे बोलणं होतं. मग छळणाऱ्या मुलांशी एकेकट्याने, एकामागोमाग एक, म्हणजे आपसांत ठरवून एकच गोष्ट सांगायला त्यांना वेळ मिळत नाही. त्यांच्याकडून 'यापुढे मी नेमकं काय करणार' हे ठरवून घेतलं जातं. थोड्याच दिवसांनी पुन्हा भेट होते आणि ते झालं का, हे तपासलं जातं. त्याच वेळी वर्गशिक्षक वर्गात वजन असलेल्या दोन-चार मुलांना वेगळं बोलावून 'त्याला तुमची साथ हवी आहे, तुम्ही काय करू शकाल?' असं विचारतात.

छळणाऱ्याशी बोलताना सूर कोणता असावा यावर मोठा वाद आहे. 'तू हे करतोयस, आम्हाला माहीत आहे, आणि ते आत्ता थांबायला हवं' असं रोखठोक? की 'त्याचं हल्ली बरं चाललेलं नाही, तू त्याच्यासाठी काय करू शकशील?' असं दोष न देता? किवामध्ये काही शाळांना पहिली आणि काही शाळांना दुसरी पद्धत देऊन पाहिली गेली. दोन्ही जवळपास सारख्याच उपयोगी पडल्या. सुरापेक्षा मोठ्यांनी लक्ष घातलंय आणि ते पुन्हा विचारायला येणार आहेत, हे कळणं जास्त महत्त्वाचं असावं. म्हणून मी म्हणेन, शाळेच्या रजिस्टरमध्ये दुसऱ्या भेटीची तारीख लिहिलेली नसेल तर पहिली भेट जमेस धरू नये. आणि बळजबरीची माफी तर नकोच. ती मागणाऱ्याला हसू येतं आणि ऐकणाऱ्याला शरम.

तक्रारीच्या आधीचं काम

मुलांना विचारल्याशिवाय शाळेला आपली शाळा माहीत नसते. नाव न घालता भरायचा छोटा कागद, त्यात शाळेचा नकाशा आणि एकच सूचना: जिथे तुला भीती वाटते तिथे खूण कर. खुणा सहसा त्याच त्याच जागी पडतात. स्वच्छतागृह, जिन्याचं वळण, मैदानाचा मागचा कोपरा, बसची शेवटची रांग, खेळाचे कपडे बदलायची खोली. वेळाही ठरलेल्या: एक तास संपून दुसरा सुरू होईपर्यंतची मिनिटं, मधली सुट्टी, शाळा सुटल्यावर. तिथे मोठं माणूस हवं, आणि ते फोनमध्ये डोकं घालून उभं नको. छळविरोधी कार्यक्रमांच्या तपासण्यांतून मैदानावरची चांगली देखरेख हा घटक उपयोगी असल्याचं दिसलं आहे, आणि त्याला खर्चही फारसा येत नाही.

वर्गात शिक्षक नकळत काय शिकवतात हेही पाहावं. दोन कप्तान नेमून 'आता तुमचे गडी निवडा' म्हटलं की शेवटी उरणारं मूल रोज तेच असतं, आणि ते सगळ्या वर्गासमोर उरतं. गट शिक्षकांनीच पाडले तर हा तमाशा टळतो. जो शिक्षक मुलाच्या अक्षरावर किंवा उच्चारावर विनोद करून वर्ग हसवतो, तो कुणावर हसायला हरकत नाही ते वर्गाला दाखवून देत असतो.

एक दिवसाचं व्याख्यान, पोस्टर, प्रतिज्ञा यांनी फारसं काही होत नाही. जगभरातल्या छळविरोधी कार्यक्रमांच्या तपासण्या एकत्र करून २०१९मध्ये निष्कर्ष आले, त्यानुसार अशा कार्यक्रमांमुळे छळ करण्याचं प्रमाण १९ ते २० टक्क्यांनी आणि छळ सोसण्याचं प्रमाण १५ ते १६ टक्क्यांनी घटतं. हे आकडे कुणाला निराशाजनक वाटतील. हजार मुलांच्या शाळेत दीडशे-दोनशे मुलं सोसत असतील, तर त्यातल्या पंचवीस-तीस जणांचं बालपण सुटलं, असाही त्यांचा अर्थ आहे.

त्यासाठी योग्य मुलं हाताशी धरावी लागतात. एलिझाबेथ लेव्ही पॅलक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या ५६ शाळांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१६मध्ये आले. शाळेतल्या काही मुलामुलींना निवडून छळाविरुद्ध काय करायचं ते त्यांनाच ठरवू दिलं. अशा शाळांत वर्षभरात मुलांमधल्या वादांच्या नोंदी सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्या. निवडलेल्यांमध्ये इतर मुलं ज्यांच्याकडे बघून वागतात अशी मुलं जास्त होती, तिथे परिणाम आणखी मोठा होता. आपण अशा कामाला नेहमी गुणी, आज्ञाधारक मुलांना पुढे करतो. त्यांच्याकडे बघून कुणी वागत नाही.

एक अडचणीची बाब मात्र शाळांना क्वचितच सांगितली जाते. वर्गातली दादागिरी खूप कमी झाली, की ज्या एक-दोन मुलांचा छळ तरीही चालू राहतो त्यांची अवस्था आधीपेक्षा वाईट होऊ शकते. सालमिवाली आणि इतरांच्या कामातून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पूर्वी त्यांच्यासारखी आणखी चार मुलं होती. आता ती एकटी पडलेली असतात आणि 'बाकी सगळ्यांचं ठीक आहे, म्हणजे दोष माझ्यातच असणार' या निष्कर्षावर येतात. म्हणून वार्षिक अहवालात आकडा खाली आला की काम संपलं असं नाही. उरलेल्या त्या एक-दोघांची नावं शिक्षकांना माहीत असायला हवीत.

तक्रार आपल्याच मुलाची आली तर

शाळेतून फोन येतो, आणि आपल्या मनात पहिलं येतं ते 'आमचा असा नाही.' तिथे दोन मिनिटं गप्प राहून फक्त ऐकावं, काय घडलं ते लिहून घ्यावं. घरी आल्यावर मुलाला बदडून काढलं तर त्याला एवढंच कळतं, की ज्याच्याकडे बळ आहे त्याने ते वापरायचं असतं. उलट 'जाऊ दे, पोरांच्या गमती' म्हटलं तर रान मोकळं होतं.

शांत आवाजात काय झालं ते विचारावं. ते 'मस्करी होती' म्हणेल. मग विचारावं, त्यात दोघं हसत होते की एकटा तू? तो थांब म्हणाला तेव्हा तू थांबलास का? शिक्षा द्यायचीच तर ती झालेल्या गोष्टीशी जोडलेली असावी. फोनवरून छळ केला असेल तर फोन काही दिवस आपल्या ताब्यात, आणि परत दिल्यावर काही काळ आपल्या नजरेसमोर. वस्तू मोडली असेल तर भरपाई त्याच्या खाऊच्या पैशातून. त्याचं वर्गात कुणावर तरी वजन आहे, हे मान्य करून ते दुसऱ्या कामाला लावता येतं का हे शिक्षकांशी बोलावं: लहान मुलांच्या संघाला शिकवणं, कार्यक्रमाची जबाबदारी, नाटकातलं काम. आणि महिन्याभराने शाळेला स्वतःहून फोन करून विचारावं, आता कसं चाललंय. शाळेने करण्याची वाट बघू नये.